तिरपी काडी आधी, राम राम नंतर

पत्रक कसं लिहायचं ते मला शिकवलेलं आहे. वर मागणी, मध्ये कारण, खाली नाव. खाली नाव नसेल तर ते पत्रक नाही, भिंतीवरचा डाग आहे, असं मी संघटनेच्या शिबिरात ऐकलं आणि पुढं दहा ठिकाणी दुसऱ्यांना ऐकवलंही. मग शिरड शहापूरहून वसमतकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका फाट्याचं काम हातात आलं. तिथल्या पोरींना सगळं सांगायचं होतं, फक्त नाव सांगायचं नव्हतं. माझं पत्रक तिथं खालून रिकामं राहायला लागलं.

फाट्यापासून आत एक गाव आहे आणि गावाच्या पुढं एक तांडा. दोन्हीकडच्या पोरी वसमतला कॉलेजला जातात. सकाळची बस मागूनच भरून येते, त्यामुळं फाटा दिसला की ड्रायव्हर गाडी आणखी जोरात काढतो. बस गेली की पोरी पुढच्या थांब्यापर्यंत चालत जातात. चालणाऱ्या पोरींच्या मागं मोटारसायकली लागतात. हळू चालवायची, शेजारून घासून न्यायची, हॉर्न वाजवायचा, काहीतरी बोलायचं, हसायचं. याला वसमतच्या एसटी आगारातले साहेब गैरसोय म्हणत होते. गैरसोय! पावसात छत्री नसली तर ती गैरसोय. रोज कुणी मागं लागलं तर त्याला दुसरा शब्द आहे आणि तो मी पत्रकात लिहिला होता.

पण पुरावा कुठाय, असं विचारलं गेलं. पोरी बोलल्या पाहिजेत. म्हणून आधी आम्ही मोबाईलवर साधा ग्रुप केला. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही, त्याचा अर्थ काय होतो ते माहीत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दोन पोरींना अनोळखी फोन आले, "काय करून राहिली?" म्हणून. संध्याकाळपर्यंत ग्रुपात मी आणि माझा एक साथी एवढेच उरलो.

हा साथी वसमतला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवतो. त्याला सगळे दादा म्हणतात, मीही. त्यानं कुठूनतरी आयतं मिळणारं सामान घेऊन एक वेगळी खोली उभी केली. खोली म्हणजे इंटरनेटवरची बोलायची जागा. आत येताना मोबाईलवर एक आकडा येतो, तो भरला की दार उघडतं. नंबर कुणालाच दिसत नाही. आणि आपल्याबद्दल काय दिसावं हे आपणच ठरवायचं. त्यासाठी बटणं नव्हती, लिहून हुकूम द्यायचे. आधी स्लॅश, म्हणजे तिरपी काडी, आणि तिला लागून शब्द. "/नाव" लिहून पुढं पाहिजे ते नाव घाला, तुमचं नाव बदललं. "/झाक गाव" लिहा, तुमचं गाव झाकलं. "/मी" लिहिलं की आपलं कार्ड, म्हणजे आपल्या माहितीची पाटी, लोकांना कशी दिसते ते आपल्याला दिसतं. "/कोण" लिहून दुसऱ्याचं नाव घातलं की त्याचं कार्ड दिसतं. आणि "/पूस" म्हटलं की तुम्ही आणि तुम्ही लिहिलेलं सगळं साफ.

हुकूम मराठीतच पाहिजेत हा माझा हट्ट होता. कार्डावर गाव पाहिजे हाही माझाच. कोणत्या फाट्यावर बस थांबत नाही हे गावाशिवाय कसं कळणार? आणि एक तिसरी गोष्ट मी दादाकडून भांडून करून घेतली होती. कार्डात बदल फक्त ज्याचं कार्ड आहे त्यालाच करता आला पाहिजे. खोली चालवणाऱ्यालाही नाही. उद्या आमच्यातलाच कुणी फितला तर?

पोरी आल्या. बायाही आल्या. आणि आल्या आल्या एक गंमत सुरू झाली. आपल्याकडं कुणी कामाचं एकदम बोलत नाही. दुकानात गेलो तरी आधी राम राम, मग साखर. त्यामुळं लोक लिहायचे, "राम राम दादा /झाक गाव". काडीच्या आधी एक अक्षर जरी आलं तरी मशीनला तो हुकूम वाटत नाही, साधं बोलणं वाटतं. ते जसंच्या तसं सगळ्या खोलीसमोर जातं. दादा वैतागायचा.

"अवो मावशी, मशीनला राम राम करायचा नसतो."

"काहून? त्याला काय देव न्हाई का?"

"आधी काडी मारा, मग काय करायचा तो राम राम करा."

आम्ही हसायचो. कार्ड झाकायला आलेली बाई दारात उभी राहून राम राम घालते, यात हसण्यासारखं होतंच.

आगारातल्या साहेबांनी शेवटी एक गोष्ट मान्य केली. एक दिवस ठरला, त्या दिवशी आमच्या मोबाईलवर ही खोली उघडून ते स्वतः पोरींना विचारणार होते, पोरी जिथं असतील तिथून उत्तर देणार होत्या. आदल्या दिवशी जवळा बाजारचा आठवडी बाजार होता. मी दुपारी तिथं भाजीच्या ओळीत पत्रकं वाटत होते. खिशातला फोन सारखा थरथरायला लागला म्हणून एका हातगाड्याच्या सावलीला जाऊन बघितलं.

तांड्यावरच्या एका पोरीनं त्या सकाळी खोलीत सगळं लिहिलं होतं. तिनं टोपणनाव एका भाजीचं घेतलं होतं, कोणत्या ते मी आजही सांगणार नाही. मोटारसायकल कशी येते, कुठं वळवतात, काय बोलतात, सगळं. आणि शेवटी एक वाक्य, की ही पोरं त्या घरची आहेत ज्यांची हळद शिजवायला आमच्या तांड्यावरची माणसं जातात. कुणाचं नाव नव्हतं. गरज नव्हती.

आता तिथं "गावकरी" नावाचा कुणीतरी आला होता.

"राम राम मंडळी. आमच्या गावाची बदनामी करून राहिले तुमी. कोण हाय ही पोरगी? खरी असंल तर नावानिशी बोलावं."

दुसऱ्या एका पोरीनं लगेच लिहिलं, "अन् तुमचं नाव काय? गावकरी हे काय आईबापानं ठेवलं का?"

"आमाला सगळे वळखतात."

"आमालाबी सगळे वळखतात. म्हणूनच झाकून राहिलो."

मी हसले. मग त्याची पुढची ओळ आली आणि हसू तिथंच राहिलं.

"राम राम /कोण", आणि पुढं त्या पोरीचं भाजीचं नाव.

त्याचाही राम राम आड आला होता. हुकूम लागला नाही, ओळ उघडी पडली, आणि तो काय शोधतोय हे सगळ्या खोलीला दिसलं. पण चूक त्याला कुणीतरी सांगणारच होतं. मी पटकन स्वतः "/कोण" लिहून तिचं कार्ड उघडलं. नाव भाजीचं. गाव उघडं. तांड्याचं नाव चक्क तिथं.

तिला वाटलं होतं नाव बदललं की झालं. शहरात झालं असेल. इथं त्या तांड्यावरून त्या बसनं कॉलेजला जाणारी ती एकटी होती. तांडा कळला की पोरगी कळली. पोरगी कळली की काय होतं ते तिनंच मला फोनवर सांगितलेलं होतं, पत्रकावरचा माझा नंबर बघून तिनं एकदा फोन केला होता तेव्हा. बाप ऊसतोडीला गेलेला. घरात आई, पण शब्द चुलत्याचा. हळदवाल्यांच्या घरून चुलत्याला नुसता एक निरोप आला असता तरी दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद.

मी दादाला फोन लावला.

"बघितलं," तो म्हणाला. "हाकलू का त्याला?"

"हाकल. आन् तिचं गाव झाक आधी."

"मला न्हाई झाकता येत."

"म्हंजे?"

"तूच भांडली होतीस. ज्याचं कार्ड त्याच्याच हातात. आता काय करू सांग? त्याला हाकललं तर दुसऱ्या नंबरनं येईल. आन् दोघं-तिघं आल्यापासून गप बसून हायत. त्याचीच माणसं असतील, काय माहीत?"

"मग?"

"खोली बंद करता येते. आत्ता, एका झटक्यात. पण एकदा दार लावलं की पोरी परत यायच्या न्हाईत. उद्या साहेबाला काय दाखवशील, माझं तोंड?"

एका बाजूला एका पोरीचं कॉलेज. दुसऱ्या बाजूला सगळ्या पोरींची बस. असं पत्रकात लिहायला छान वाटतं. हातगाड्याच्या सावलीत उभं राहून निवड करायची वेळ आली की पत्रकातला एकही शब्द कामाला येत नाही. शेजारचा माणूस मिरच्या ओरडून विकत होता आणि मला त्याचं तोंड दाबावंसं वाटत होतं.

"थांब," मी म्हणाले. "तिला लावते."

तिनं फोन उचलला, पण आवाज इतका बारीक की मला दुसरा कान बोटानं बंद करावा लागला.

"ताई, काका बाहेर बाजेवर बसलेत."

"ऐक. तुझं गाव दिसून राहिलं. आत्ताच्या आत्ता लिही, काडी, झाक, गाव."

"बरं ताई."

खोलीत ओळ उमटली, "ताई /झाक गाव".

सगळ्यांसमोर. मी कपाळावर हात मारला.

"ताई नको लिहूस!"

"मंग काय लिहू?"

"काहीच नको. आधी काडी."

"बरं."

खोलीत दुसरी ओळ आली, "बरं /झाक गाव".

तिच्यावर चिडायचं कसं? मी फोनवर सांगतेय आणि ती मोठ्या माणसाला उत्तर दिल्याशिवाय काही करत नाहीये. तिला कुणी लहानपणापासून हेच शिकवलं. आधी माणसाला ओ दे, मग कामाचं. ज्यानं ते सामान बनवलं त्याच्या घरात माणसं एकमेकांना हाक न मारताच बोलत असतील.

गावकऱ्यानं लिहिलं, "झाकून राहिली बघा. काय चोरी केली का?"

आणि मग तो गप्प झाला.

त्याच्या बोलण्यापेक्षा ते वाईट होतं. "/कोण" बरोबर लिहिलं तर उत्तर फक्त लिहिणाऱ्याला दिसतं. खोलीत काहीच उमटत नाही. दादानं मला ओळ पाठवली, "आता त्यानं बघितलं की न्हाई, मलाबी कळणार न्हाई."

"ऐक पोरी," मी म्हणाले. "मला उत्तर देऊ नको. माझ्याशी बोलूच नको. मी फोनवर नाहीच असं समज. मोबाईलवर लिहिलेलं सगळं पूस, पाटी कोरी कर. केली? बोलू नको. आता काडी. तिला लागून झाक. जागा सोड. गाव. पाठव."

पलीकडं श्वास ऐकू येत होता. एक म्हैस ओरडली. खोलीत काही उमटलं नाही. याचा अर्थ एकतर लागलं, नाहीतर तिनं पाठवलंच नाही.

"आता काडी आणि मी. काय दिसतंय ते वाच."

ती पुटपुटत वाचायला लागली. "नाव..." आणि मग, "गाव, झाकलेलं."

मी खाली बसले. पत्रकं मांडीवरून घसरून मातीत गेली, मिरचीवाला म्हणाला, "काय ताई, चक्कर आली का?" मी मान हलवून नाही म्हटलं.

"ताई," ती म्हणाली, "त्यानं माझ्या आधी बघितलं असंल तर?"

मला एवढंच सुचलं, की बघितलं नसेल. तिला ते पटलं नाही.

"काकाच्या फोनवर मघाशी कुणाचंतरी यून गेलं. काका तवापासून काही बोलेना." मग म्हणाली, "मी आईला सांगते. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी मीच सांगते."

"सगळं?"

"सगळं. आन् ताई, मी पुसू का?"

पूस म्हटलं की तिची हकीकत जाणार होती. सगळ्या खोलीत तेवढी एकच होती जिच्यात बस, चालणं आणि मोटारसायकली एका ओळीत बांधलेल्या होत्या. बाकीच्या बस थांबत नाही एवढंच म्हणत होत्या. साहेबांना गैरसोय म्हणायची सोय बाकीच्यांमध्ये होती, तिच्यात नव्हती. मी म्हणणार होते, उद्या दुपारपर्यंत थांब. तोंडापर्यंत आलं होतं.

"तुझं हाय, तू ठरव," मी म्हणाले.

तिनं या वेळी कुणाला हाक मारली नाही. खोलीतल्या तिच्या ओळी खालून वर गायब होत गेल्या. तिला दिलेली उत्तरं तेवढी राहिली. "खरं हाय गं." "आमच्यासंगबी असंच झालं." "भिऊ नको." कुणाला म्हटलंय ते आता दिसत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला नाही. मी केला नाही. तिच्या घरी माझा फोन वाजणं हेच एक कार्ड उघडं पडण्यासारखं होतं.

सकाळी शिरड शहापूरला मी तीच बस पकडली. आगारात जायचं होतं, पण माझी नजर फाट्यावर होती. ती असेल का? बस मागूनच भरलेली. मी दाराजवळ लटकत उभी. कंडक्टरला म्हटलं, "फाट्यावर थांबवा."

"तिथं थांबत न्हाई गाडी."

"माणसं उभी असतात."

"माणसं सगळीकडं उभी असतात ताई. जागा कुठाय?"

लांबून फाटा दिसला. दोन बायका उभ्या होत्या, एक पोरगी आणि एक मोठी बाई. पोरीच्या पाठीला दप्तर होतं. थोड्या अंतरावर एक मोटारसायकल स्टँडवर लावलेली, तिच्यावर दोघं बसलेले. पोरीकडं बघत नव्हते, रस्त्याकडं बघत होते. ड्रायव्हरनं सवयीनं गाडी जोरात घेतली.

"मला उलटी येऊन राहिली!" मी ओरडले. "लवकर!"

आमच्याकडं मागण्या, निवेदनं, कागद याला कुणी भीत नाही, पण गर्दीच्या बसमध्ये उलटीला सगळे भितात. माझ्या आसपासची माणसं भिंतीला चिकटली. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली, "अरे थांबव, थांबव, घाण करंल!" बस फाट्याच्या जरा पुढं जाऊन थांबली. मी उतरले. पोरगी पळत आली आणि मी रिकामी केलेल्या पायरीवर चढली. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मीही नाही. मोटारसायकलवाले बघत होते ना. घंटी वाजली, बस गेली.

मी रस्त्याच्या कडेला वाकून उलटीचं नाटक करत राहिले. पाठीमागून आवाज आला.

"झालं का वकून?"

तिची आई होती. डोक्यावर पदर, हातात विळा, शेताकडंच निघालेली. मी सरळ उभी राहिले.

"तूच व्हय ती ताई?"

"व्हय."

"तुमच्या त्या खोलीत म्हणं सगळे बोलतात आन् कुणी दिसत न्हाई." ती मला वरपासून खालपर्यंत बघत होती. "मला काहून न्हाई सांगितलं तिनं आधी? मी दिसते म्हणून?"

मी तोंड पुसलं.

"काका काय म्हणाले?" मी विचारलं.

"दुपारी हळदीवाल्याचा नुसता निरोप व्हता, रातीला बोलतो म्हणून. मंग रातीला फोन आला त्याचा. पोरगी तुमचीच हाय म्हणला. पण तवर मी दिराला सांगून बसले व्हते, तर दीर म्हणला, आमाला म्हाईत हाय. आमाला म्हाईत हाय म्हणल्यावर पुढं काय बोलंल तो? ठिवला फोन." तिनं विळा या हातातून त्या हातात घेतला. "मंग दीर रातभर मला बोलला. बोलू दे. जीभ त्याची हाय, पोरगी माझी हाय."

म्हणजे त्या गावकऱ्यानं बघितलं होतं. काडी बरोबर मारून, आमच्या आधी.

"पोरगी शिकंल," ती म्हणाली. "पण तुमच्या खोलीत पुन्हा यायची न्हाई. सांगून ठिवते."

"बरं."

"आन् आज थांबली गाडी. उद्या काय करशील? रोज उलटी येणार हाय का तुला?"

मी न्हाई म्हणाले. आगाराला उशीर होत होता आणि पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाणं भाग होतं. मी निघाले. मागं मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

"थांब," ती म्हणाली. "मीबी येते तितपर्यंत."

ती माझ्या रस्त्याकडच्या बाजूनं चालायला लागली, विळा उघडाच हातात. मोटारसायकल मागून हळू झाली, आमच्या बराबर आली, आणि तिनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं, नीट, ओळख असल्यासारखं. ओळख होतीच, हळदीच्या हंगामात रोज त्यांच्याच दारात जाते ती. त्यांनी गाडी जोरात पुढं काढली. तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "चल चल, तुझ्या सायबाला उशीर व्हईल."